ओलं बोट

बोट जिभेला लावायचं, वर धरायचं आणि म्हणायचं, "आज हवा घराकडं हाय." कापसाच्या जीनच्या फाटकाशी तो रोज हे करायचा. आम्ही कारकून मंडळी हसायचो. तुमच्याही कामावर असा एखादा असेलच, ज्याच्या सवयीला सगळे हसतात आणि कारण कुणी विचारत नाही.

मंगरूळपीरच्या त्या जीनमध्ये तो रेच्यावर होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रावर. आमचा मुलूख तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. हंगामात रुईची, म्हणजे कापसाची, तूस सगळ्या वस्तीवर उडायची. संध्याकाळी तो पांढराफटक होऊन घरी जाई आणि दारात वाट पाहणाऱ्या सहा वर्षांच्या लेकीला तसाच उचलून घेई. तिला आई नव्हती, आणि दमा होता.

बोट तिच्यासाठी होतं, हे मला उशिरा कळलं. हवा जीनकडून घराकडे असली की तो उलट्या पावली घरी जाऊन खिडकीला ओलं पोतं लावून येई.

मग मी शहाणपणा केला. "इंझोरीला बहिणीकडे ठेव तिला. मोकळी हवा आहे."

त्यानं ठेवली. पोर धावायला लागली, असा निरोप आला. रविवारी सकाळची पाळी करून तो तसाच भेटायला गेला. सोमवारी आला तेव्हा तोंड उतरलेलं.

"बाबूजी, मी गेलो अन् पोरीची छाती वाजाले लागली. इंझोरीची हवाबी खराब झाली का?"

पुढच्या दोन्ही रविवारी तेच झालं. तिसऱ्यांदा तो तिला घेऊनच आला. "असंच होते, तं माह्याजवळच राहू दे." त्या हंगामात पोर जाता जाता वाचली.

शेवटी बहीण आली. ती फार बोलणारी नव्हती. "दादा, तू आला का तिले होते," एवढंच म्हणाली आणि पोरीला परत घेऊन गेली.

तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मी काय केलं, बाबूजी?" समजूत घालावी म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला तूस लागली. आम्ही दोघंही त्या हाताकडे पाहत राहिलो. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

त्यानंतर तो अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून जायचा. पोर बरी असायची. पण एकदा उन्हाळ्यात, जीन बंद असताना, निरभ्र दुपारी, तो जवळ असतानाच तिला पुन्हा धाप लागली. तो गोंधळला, मीही. तूस नाही, धूर नाही, मग होतं तरी काय? ते मला आजही सांगता येत नाही.

आता तो नाही. त्या उन्हाळ्यानंतर एकदा कामानं इंझोरीला गेलो होतो, तेव्हाचा तो आठवतो. लेक खळ्यात खेळत होती आणि हा लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. मला पाहून त्यानं बोट ओलं केलं, वर धरलं आणि मला हाताला धरून पलीकडच्या बाजूला नेलं.

"अठी उभे राहा, बाबूजी. अठून हवा तिच्याकून आपल्याकडं येते."

लेकीनं आम्हाला पाहिलं आणि ती धावत निघाली. त्याचे हात आपोआप पुढे झाले. मग त्यानं ते मागे घेतले आणि तो दोन पावलं मागे सरकला.