आबांना ऐकू यायचं ते गाणं

आमचे आबा तोफखान्यात होते. पेन्शनीत आले तेव्हाच त्यांचा डावा कान गेलेला होता आणि उजव्याला कुणी मोठ्यानं बोललं तरच कळायचं. आमचं घर साताऱ्याच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या गावात. रस्त्यापलीकडं आमचा ऊस. घरात सगळे ओरडूनच बोलायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांच्यात काहीतरी जुंपलंय. त्यातही सगळ्यात मोठा आवाज ताईचा, कारण आबांशी सगळ्यात जास्त बोलणं तिचं असायचं. शाळेतनं आली की दप्तर खांद्यावर असतानाच ती दिवसभराचं सांगायला सुरुवात करायची, आणि आबा उजवा कान तिच्याकडं करून ऐकत बसायचे.

पुढं ताई शिकायला सांगलीला गेली आणि तिथंच विश्रामबागेत ज्युनिअर कॉलेजवर फिजिक्स शिकवायला लागली. तिच्या पाठोपाठ मीही गेलो. मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनचं काम करायचो. वाढदिवस, दशक्रिया, निवडून आल्याबद्दल अभिनंदन, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. आम्ही दोघं भाड्याच्या खोल्यांत राहायचो.

ताईला पंक रॉकचं वेड कुठून लागलं हे मला नीट सांगता येणार नाही. मोबाईलवर काहीतरी ऐकताना सापडलं, एवढंच ती सांगायची. शुक्रवारी नेटवर नवी गाणी येतात. मोठ्या कंपन्यांची येतात तशीच, कुणाचं पाठबळ नसलेल्या छोट्या बँडचीही येतात. शिलाँगची पोरं, बंगळुरूची पोरं, इंडोनेशियातल्या कुठल्यातरी गावातल्या मुली. स्वतःच रेकॉर्ड केलेलं, स्वतःच चित्र काढलेलं. ताई डबा खाताना ती ऐकायची आणि आवडलेल्यांबद्दल मराठीत चार ओळी लिहून नेटवरच्या आपल्या पानावर टाकायची. वाचणारे थोडेच होते. मला ती समजावून सांगायची, "पंक म्हणजे गिटारचे दोन-तीन कॉर्ड, जोरात वाजवायचं आणि सांगायचं ते सांगून थांबायचं. पॉवर पॉप म्हणजे तेच, पण चाल अशी पाहिजे की भांडी घासतानासुद्धा तोंडात आली पाहिजे."

शेवटी आम्हीच बँड काढला. ताई गिटार वाजवायची आणि गायची. मी ड्रम. गणपतीत ढोल वाजवला होता, तेवढ्या भांडवलावर. बास गिटार वाजवायला माधवनगरचा माझा मित्र. त्याच्या वडिलांचे यंत्रमाग भंगारात गेले होते आणि शेड मोकळी पडली होती. फरशीत मागांच्या बोल्टांची भोकं तशीच होती आणि पत्र्याच्या कोपऱ्यांत कापसाचा भुगा. शेजारच्या शेडमध्ये माग चालू असायचे, त्यामुळे आमच्या आवाजाची तक्रार करायला कुणी आलं नाही. गाणी ताईची, मराठीत. हॉस्टेलच्या गेटवर, एसटी स्टँडवर, पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांवर. एक आमच्या घरावर होतं, ओरडून बोलणाऱ्या माणसांवर. त्याची चाल सगळ्यात गोड होती.

आबांनी आम्हाला पहिल्यांदा ऐकलं ते महाबळेश्वरला. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत एका हॉटेलनं लॉनवर संध्याकाळी वाजवायला बोलावलं होतं. पोरगी एवढ्या लांब जाणार म्हणून आबा स्वतः जीप घेऊन आले. आम्ही दोन गाणी वाजवली आणि पर्यटक चहाचे कप घेऊन खोल्यांकडं निघाले. मॅनेजर धावत आला. ताईला म्हणाला, "मॅडम, जरा मंद घ्या. जुनी काही येत असतील तर बघा."

आबा स्पीकरला हात लावून उभे होते. त्यांना मॅनेजरचं ऐकू गेलं नाही, पण हातवारे कळले. ते म्हणाले, "कमी कशाला? आत्ता कुठं मला ऐकाय याय लागलंय."

त्यांनी आम्हाला पूर्ण वाजवायला लावलं. परत येताना घाटात जीप चालवता चालवता म्हणाले, "भजन कळत न्हाई, टीव्ही कळत न्हाई. ह्ये मातर कळतंय बघा. काय म्हणती ते न्हाई कळत, पर आवाज तिचा हाय हे कळतंय." त्यानंतर सुट्टीला गेलो की ते ताईला गिटार आणि स्पीकर घेऊनच यायला सांगायचे. आई कपाळाला हात लावायची आणि म्हशी लांब बांधायची.

मग ताईच्या गळ्याला गाठ आली. पावडर लावताना तिच्या हाताला लागली. मिरजेला दाखवलं. थायरॉईडची गाठ होती आणि तपासणीत ती कॅन्सरची निघाली. डॉक्टर शांतपणे म्हणाले की हा बरा होणारा प्रकार आहे, जिवाला सहसा धोका नसतो, पण काढावी लागेल. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आवाजाच्या नसा गाठीला लागूनच जातात. एका बाजूची नस गाठीत अडकल्यासारखी दिसते. ती वाचवायचा प्रयत्न करू, पण शब्द देत नाही.

बाहेर आल्यावर ताई रिक्षा स्टँडकडं निघाली. मला म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी सगळी गाणी रेकॉर्ड करायची."

मी म्हटलं, "आधी तब्येत बघ. गाणी काय, नंतर करू."

"नंतर करता आली तर परत करू," ती म्हणाली. "पण आत्ता करून ठेवायची."

बासवाल्या मित्रानं कुठून कुठून माईक मागून आणले. त्याच्या आईनं घरातल्या सगळ्या गोधड्या दिल्या, त्या आम्ही शेडच्या भिंतींना टांगल्या. शेजारच्या मागांना सुट्टी असेल त्या दिवशी सकाळपासून बसायचो. ताईनं एकाही गाण्यात हात राखला नाही. एरवी ती एखादी ओळ चुकली की हसायची आणि परत घ्यायची. त्या दिवसांत हसली नाही. घरावरचं गाणं तिनं शेवटी ठेवलं होतं. ते झाल्यावर हेडफोन काढले, गरम पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता पुसू नका काही. जसं आहे तसं राहू दे."

ऑपरेशन मिरजेला झालं. गाठ पूर्ण निघाली, पण नस तिच्यातून गेलेली होती आणि तीही काढावी लागली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं तसंच झालं, त्यामुळे कुणावर रागावायचीही सोय नव्हती. शुद्धीवर आल्यावर ताईनं आईला हाक मारली, तेव्हा नुसता वारा आला. काही दिवसांनी कुजबुज परतली. त्याच्या पुढं फार गेली नाही.

आबांना दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशन चांगलं झालं. ते खोटं नव्हतं. आवाजाचं ताईनं सांगू दिलं नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "थोडे दिवस जाऊ देत. सुधारेल कदाचित."

ती रजेवर गावी आली. आबा पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि बोलत राहायचे. ताईचे ओठ हलायचे. आबा उजवा कान पुढं करायचे, मग मान हलवायचे. आई स्वयंपाकघरातून ताईचं बोलणं मोठ्यानं सांगायची. "आवं, ती म्हणती, भूक न्हाई." आबांनी एकदाही विचारलं नाही की पोरीच्या आवाजाला काय झालंय. एकदा गोठ्यात मला म्हणाले, "आता उजवा बी गेला बघ माझा. पोरगी एवढं बोलती, मला कायबी कळत न्हाई." मी शेणाची पाटी उचलून बाहेर गेलो.

गाणी आम्ही त्याच दिवसांत नेटवर टाकली. मुखपृष्ठ मी केलं, शेडच्या दाराचा फोटो. ताईनं तिच्या पानावर इतर नव्या बँडच्या मधोमध आमच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्या, सांगलीचा बँड आहे, मराठीत गातात. आमच्या अंदाजाबाहेर लोकांनी ती ऐकली. पुण्याहून, बंगळुरूहून बोलावणी आली. कुणीतरी लिहिलं की या बाईचा आवाज प्रत्यक्ष ऐकायचाय, कधी येताय? ताई प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायची. गाणी आवडली याचा आनंद आहे, आता आम्ही वाजवत नाही. कारण कुणालाच लिहिलं नाही. उत्तरं लिहिताना तिचा चेहरा पेपर तपासताना असतो तसा असायचा.

दिवाळीनंतर आबांनीच विषय काढला. कानाचं मशीन ते कित्येक वर्षं नको म्हणत आले होते. सैन्यातल्या माणसाच्या कानात ते दिसायला नको, असं त्यांचं म्हणणं. आता म्हणाले, "सांगलीला चला. मशीन घालतो. पोरीशी बोलाय तर येईल."

ताईनं माझ्याकडं बघितलं.

दुकान विश्रामबागेतच होतं. तिथल्या मुलीनं आबांचे कान तपासले, मशीन बसवलं, कॉम्प्युटरवर काहीतरी जुळवलं. आबा दचकले. पंख्याचा आवाज, रस्त्यावरची गाडी, खुर्ची सरकल्याची करकर. त्यांच्या तोंडावर लहान पोरासारखं हसू आलं. "लय येतंय की ऐकाय," ते म्हणाले आणि ताईकडं वळले. "आता बोल."

ताई म्हणाली, "आबा, बरं वाटतंय का?"

आबा पुढं वाकले. म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल."

ताई तेवढ्याच आवाजात परत बोलली. आबांनी मशीनला बोट लावलं आणि त्या मुलीला सांगितलं, "ह्यात बिघाड हाय. तुमचं येतंय, ह्या पोराचं येतंय. हिचं तेवढं खरखरतंय."

मुलीनं मशीन काढून तपासलं, परत घातलं. मग अवघडून म्हणाली, "काका, मशीन बरोबर आहे. ताईंचा आवाजच तसा आहे."

आबा ताईच्या गळ्यावरच्या खुणेकडं बघत राहिले. ती खूण त्यांनी रोज बघितली होती. मांडीवर हात ठेवून ते बसून राहिले. मी पैसे देऊन आलो तरी ते तसेच बसलेले होते.

जीपनं गावाकडं निघालो. पेठ नाक्याला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी ताईला विचारलं, "दुखतंय का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग मला का न्हाई सांगितलं?"

ताई त्यांच्याजवळ सरकून बोलली. मीही ऐकलं. "तुमाला तुमच्या कानाचाच दोष वाटू दे म्हटलं, आबा."

"कानाचं काय गं," आबा म्हणाले. "ते कवाच गेल्यालं हुतं." आणि त्यांनी चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ती गाणी लावायला सांगितली. ताई आईबरोबर मागं पाणी तापवत होती. मी मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी सगळी ऐकली, डोळे मिटून. घरावरचं गाणं आलं तेव्हा डोळे उघडले. ते गाणं त्यांनी महाबळेश्वरला ऐकलं होतं, अंगणातही किती वेळा ऐकलं होतं. पण तेव्हा त्यांच्यापर्यंत नुसता आवाज पोचायचा. शब्द ते आज पहिल्यांदा ऐकत होते. पोरीनं म्हटलं होतं की माझ्या बापाला जग ऐकू येत नाही, म्हणून मी एवढ्या मोठ्यानं गाते.

"ह्ये माझ्यावर केल्यालं हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"परत लाव."

मी लावलं. नंतर ते उठून उसात गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. आईनं दोनदा बांधापर्यंत जाऊन बघितलं आणि हाक न मारताच परत आली.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. ताईची तपासणी दर वेळी चांगली येते. आवाजाचे व्यायाम केले, त्यानं कुजबुजीला थोडा आकार आला. कॉलेजवर ती कॉलरला छोटा माईक लावून शिकवते आणि शेवटच्या तासाला फळ्यावरच जास्त लिहिते. पानावर लिहिणं तिनं बंद केलं. माधवनगरची शेड गोडाऊनला गेली, मित्र पुण्याला गेला. आम्ही भांडलो नाही, ठरवून काही मोडलंही नाही. वाजवायचं कुणी काढलं नाही, एवढंच.

यंदा उन्हाळ्यात विदर्भातल्या कॉलेजच्या मुलींचा मेल आला. त्यांचा नवा बँड होता, आणि आमचं एसटी स्टँडवरचं गाणं त्यांना त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर घ्यायचं होतं. ताईनं तासाभरात उत्तर पाठवलं, जरूर घ्या. रेकॉर्ड आलं त्या दिवशी मी दुपारी तिच्या कॉलेजवर गेलो. कॅन्टीनमध्ये तिनं पूर्ण गाणं ऐकलं. पोरी जोरात होत्या, बिनधास्त होत्या, मधे एके ठिकाणी ताल सुटलाही होता.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

ती माझ्याजवळ वाकली. "सूर वर घेतलाय त्यांनी. तिथं माझा आवाज चांगला असतानाही पोचला नसता." मग म्हणाली, "छान गातीय पोरगी. तिला सांग, घसा जप म्हणावं."

"तूच लिही की," मी म्हटलं.

तिनं नको म्हणून मान हलवली. बेल झाली. तिनं ओढणी सारखी केली, माईकची क्लिप कॉलरला लावली आणि वर्गावर गेली.