नववी ‘ब’मध्ये मोठ्याने वाचलेली चिठ्ठी

मंगळवार, ऑगस्टचा तिसरा आठवडा. हजर: मुख्याध्यापिका, नववी ‘ब’च्या परब बाई, शिपाई गावडे मामा, सानिकाची आई आणि मी, शाळेची काउन्सेलर. गैरहजर: सानिका, सलग आठवा दिवस.

सानिका मढची. बसने मालाडला आमच्या शाळेत येते. आई मासळी विकते. जूनमध्ये आजी गेली तेव्हापासून पोर वर्गात गप्प असायची, डबा तसाच परत न्यायची. परब बाईंनी तिचा रेफरल दिला. म्हणजे ‘हिच्याशी जरा बोला’ असं मला लिहून कळवलं. मी पिवळी चिठ्ठी मामांकडे दिली. मुलांना चालू तासाला असं बोलवायची पद्धत माझीच.

मामांनी दारातून खणखणीत वाचलं, “सानिका, काउन्सेलिंग.” मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाने तिला ‘मेंटल’ नाव ठेवलं होतं. ती माझ्याकडे आलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतही नाही.

आई बसायला तयार नव्हती. “पोर माझी येडी नाय, बाई. म्हातारीच्या कुशीत झोपायची, म्हणून गप्प हाय. आता म्हणते शाळा सोडते, तुझ्यासोबत बाजारात बसते. बसेल पण, हुशार हाय. मला ते नको.”

मुख्याध्यापिका मॅडमनी मामांकडे पाहिलं. मी म्हटलं, चूक माझी, चिठ्ठीवर कारण मीच लिहिलं. मामा म्हणाले, “रोज प्रत्येक वर्गातून एक पोर माझ्याबरोबर पाठवा, वह्या उचलूक. मग कोण खय जाता, ता कोणाक कळाचा नाय.”

मग शिकवायचं कधी, असं मॅडमनी विचारलं. पण आठवडाभर करून बघायला परवानगी दिली.

रविवारी मामा कोणाला न सांगता मढला गेले. हे मला सानिकाच्या आईकडून नंतर कळलं. अंगणात उभं राहून सानिकाला म्हणाले, “माझा चुकला गो. माका कमी ऐकू येता, म्हणून मोठ्यान बोलतंय.” ती हसली म्हणे. जूननंतर पहिल्यांदाच.

सोमवारी ती आली. वह्यांचा गठ्ठा हनुवटीने दाबून माझ्या टेबलापर्यंत आणला, ठेवला आणि गेली. मी काही विचारलं नाही. गुरुवारी वह्या ठेवून स्वतःच बसली.

“डबा आजी भरायची,” ती म्हणाली. “उघडला की कळतं, तिने नाही भरलाय.”

त्यानंतर वीस मिनिटं ती बोलली आणि मी ऐकलं. हल्ली डबा ती स्वतः भरते, आजीसारखं कालवण जमेपर्यंत आईला चाखायला लावते.

वह्या उचलायला आता वर्गावर्गात भांडणं होतात. मला एवढंच कळलं की मुलांच्या मनासाठी काही योजना काढली, तर ती वर्गाच्या दारात कशी ऐकू येईल हे आधी बघावं.

नववी ‘ब’शी त्या ‘मेंटल’ शब्दाबद्दल बोलायचं अजून राहिलंय. गणिताचा पोर्शन मागे आहे, सर तास सोडत नाहीत. यादीत ते काम मी तिसऱ्यांदा पुढच्या आठवड्यावर ढकललंय.