चालू झाल्यावर वाढवलेला वेग

त्याचं खरं नाव घरातलेसुद्धा विसरले असतील. सगळे त्याला खटपट्या म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, पण चांगलं चाललेलं मशीन जसंच्या तसं परत द्यायचं म्हटलं की त्याच्या अगदी जिवावर यायचं. गिऱ्हाईक नुसता पंखा पुसून घ्यायला आलं तरी हा आत हात घालणार, कंपनीने आखून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जरा जास्त पळवून बघणार. मालक म्हणायचा, "अरे बाबा, चाललंय ते चालू दे की." ऐकेल तो खटपट्या कसला.

आणि नेमक्या ह्याच माणसाच्या हातात ताईच्या नवऱ्याची नोकरी आली. दाजी मालवाहू विमानाचे पायलट. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि वर्षाहून जास्त काळ जमिनीवर अडकले. परत उडायचं तर कंपनीच्या सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या खोट्या केबिनमध्ये बसून, परीक्षा द्यायची. पहिल्या खेपेला नापास झाले. परीक्षकाचं म्हणणं, उतरताना हात उशिरा चालतात. आता एकच संधी उरली होती. ती गेली की विमान कायमचं सुटलं, मग बसा गोदामात खोकी मोजत. जेवताना दाजींच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर सारखी हलायची. ताई ते बघून न बघितल्यासारखं करायची.

"काळजी करू नका दाजी," खटपट्या म्हणाला, "तुम्हाला घरातच विमान करून देतो."

झालं. त्या दिवसापासून ह्याला अन्न गोड लागेना. एका बंद पडलेल्या ऑफिसातून त्याने दोन प्रोसेसरचा मदरबोर्ड पैदा केला, चांगला चहाच्या ट्रेएवढा. घरगुती कॉम्प्युटरला डोकं एक, ह्याला दोन. ताईच्या मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या बाजूला सारून पसारा मांडला: तीन स्क्रीन, हातात दांडा, पायाखाली पेडल. पण विमानाचा प्रोग्राम एकाच प्रोसेसरला राबवायचा आणि दुसरा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा नुसता बसून. उतरताना खालची घरं, रस्ते, दिवे एकदम समोर आले की चित्र अडखळायचं.

"नेमकं टेकतानाच उचकी लागते रे ह्याला," दाजी म्हणाले.

मग ह्याने ढग आणि नकाशे दुसऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात घातले. फरक पडला, पण ह्याचं मन कुठलं भरायला. वेग वाढवलाच. एका प्रोसेसरने ऐकलं, दुसरा रुसला. वाढवलेल्या वेगावर मशीन चालूच होईना. शेवटी ह्याने युक्ती काढली. मशीन साध्या वेगावर चालू करायचं आणि चालू झालं की एका छोट्या प्रोग्रामने गुपचूप वेग वाढवायचा. चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. पठ्ठ्या इतका खूश झाला की दुकानात दिवसभर तेच पुराण.

दाजी रोज बसायला लागले. आधी विमान आपटायचं, मग हळूहळू हात बसला. धावपट्टी जवळ आली की नेमक्या क्षणी नाक हलकेच वर घेऊन चाकं टेकवायचे. ताईच्याही जिवात जीव आला. ती भावाची चेष्टा करायला लागली.

"तुझ्या ह्या विमानाच्या डब्याचं घड्याळ पुढे का पळतं रे? त्यात बघून भाजी उतरवली तर कच्ची राहिली."

"सेल गेला असेल गं," तो म्हणाला आणि बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलला. घड्याळ पुन्हा पुढे. सेल पुन्हा बदलला. घड्याळ चुकलं की सेल, हे त्याच्या धंद्यात हाताला इतकं बसलेलं असतं की डोक्याला कोणी विचारत नाही.

परीक्षेच्या दिवशी दुकानात ह्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कधी हे उघड, कधी ते बंद कर. शेवटी मालकानेच हाकललं. तो ताईकडे आला. ती बाजारात गेली होती. नुसतं बसवेना, म्हणून मशीन चालू केलं, त्यातलं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळवलं, वेग वाढवला आणि विमान उडवायला बसला. थोड्या वेळाने बघतो तर घड्याळ पुढे गेलेलं. हात सेलकडे गेला आणि तिथेच थांबला.

सेल लागतो तो मशीन बंद असताना. चालू मशीन वेळ मोजतं प्रोसेसरच्या ठोक्यांवर, आणि किती ठोक्यांचा एक सेकंद हे चालू होतानाच ठरवून घेतं. ह्याने ठोके वाढवले होते त्यानंतर. म्हणजे ह्या मशीनचा सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा आखूड होता, आणि विमानही त्याच आखूड सेकंदावर उडत होतं. इतके दिवस दाजी खऱ्यापेक्षा लवकर खाली येणारं विमान सावरायला शिकले होते. आज त्यांचा हात आधीच चालणार. नाक आधी उचललं की विमान अधांतरी लटकतं आणि मग धाडकन आदळतं.

सांगावं की गप्प बसावं, हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. बिघाड सापडला की सांगून मोकळं व्हायचं, एवढंच त्याला येत होतं. गाडी काढली आणि सुसाट निघाला.

दाजी परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. चेहरा शांत, मांडीवरचे हात स्थिर.

"दाजी, मशीन चुकलं माझं. जरा जोरात पळत होतं. आत सगळं सावकाश वाटेल. तुमचा हात आधी जाईल, थोडं थांबून उचला."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. "किती थांबू?"

"थोडंसं," तो म्हणाला. तेवढ्यात आतून हाक आली. दाजी उठले तेव्हा त्यांची बोटं हलत होती.

ते बाहेर आले आणि गाडीत येऊन बसले. गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "नापास."

खटपट्याने गाडी बाजूला घेतली.

"आत सगळं कसं निवांत वाटत होतं रे," दाजी म्हणाले. "इतका वेळ माझ्या हातात कधीच नव्हता. कधी उचलायचं ते स्वच्छ दिसत होतं. पण दर वेळी तुझं बोलणं आठवायचं, की थांब. दर वेळी थांबलो. परीक्षक म्हणाला, तेव्हाही उशीर आणि आत्ताही उशीरच."

"मी सांगितलं नसतं तर?"

"ते आता कोणाला ठाऊक. चल, ती वाट बघत असेल."

ताई दारातच उभी होती. चेहरे बघून तिला कळलं.

"माझाच हात थांबला," दाजी म्हणाले.

खटपट्याने बोलायला तोंड उघडलं. दाजींनी त्याचा दंड धरला आणि घट्ट दाबला. ताई रडली नाही. भावाकडे वळून म्हणाली, "तू तरी किती करायचंस रे. एवढं मशीन उभं करून दिलंस, रोज येऊन बघत होतास. सख्खा भाऊ झाला म्हणून कोण करतं इतकं? हात धुऊन घे, सकाळपासून उपाशीच असशील."

तो जेवायला बसला. ताईने आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं. त्याने तेही मुकाट्याने खाल्लं.