जिजीचे गुलाबी बूट

बुटांचा रंग गुलाबी होता, तिथेच पहिली चूक झाली. काळे असते तर लोक कदाचित दोन दिवस उशिरा हसले असते. हसले मात्र असतेच.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी सगळे मला निरखत होते, आणि ती एकटी म्हणाली होती, "बठ, पहिले च्या पी." तेव्हापासून आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पण आमच्या अहिराणीत जवळच्या माणसाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून जिजी एकेरीच. अंगाने चांगली भरलेली होती. त्यावर घरात सगळे बोलायचे, मीही बोलायचे. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत मी म्हटलं, "आमच्या जिजीला जेवायला दोन पाट लागतात." पाहुणे हसले, जिजीही हसली. त्यानंतर ती कधी पाटावर बसली नाही, जमिनीवरच बसायची. ते माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षं गेली. आता हे लिहिताना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तिला साखर निघाली तेव्हा शहाद्याच्या दवाखान्यात मीच सोबत होते. डॉक्टरांनी तिला समोर बसवून नीट समजावलं. रोज पाऊण तास चालायचं. बूट घालूनच चालायचं, अनवाणी घरातसुद्धा फिरायचं नाही. तळपायाची जाणीव कमी झालेली आहे, काटा बोचला तरी कळणार नाही, म्हणून रोज संध्याकाळी पाय उलटा करून बघायचा. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढे जे झालं ते मला माहीत नसल्यामुळे झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

सुरतेला दिलेल्या तिच्या लेकीने बूट पाठवले. हलके, मऊ, गुलाबी. जिजीने ते दोन दिवस खोक्यातच ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी लुगड्याच्या निऱ्या जरा वर खोचल्या, डोक्यावर पदर घेतला आणि बूट घालून माझ्यासमोर उभी राहिली. "कशी दिखस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बेस दिखस." खरं म्हणजे मला हसू दाबणं जड जात होतं.

आमच्या गावाहून महादेवाच्या देवळांचं प्रकाशा गाव तीन किलोमीटर. सरळ रस्ता, दोन्हीकडे केळी आणि ऊस, मध्ये एक नाला आणि त्यावरची मोरी. मोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. पण गावाबाहेर पडायला दूध डेअरीवरून जावं लागतं, आणि सकाळी तिथे कॅन घेऊन बसलेल्या पुरुषांना दुसरं काम नसतं.

"भाभी, पोलीस भरतीनी तयारी चालू शे का?"

सगळे हसले. आम्ही पुढे गेलो तर मागून दुसरा आवाज आला, "ट्रॅक्टरले साइड द्या रे!" जिजीने पदर आणखी पुढे ओढला. परत येताना ओट्यावर सडा टाकणारी आमची शेजारीण तिच्या पायांकडे बघत म्हणाली, "काय वं, बूट घालीसन कोनले दखाडाले चालनी?" तिच्या दोन सुना आतून डोकावल्या आणि तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

आठ दिवस हेच. कोणी मागून तिची चाल करून दाखवायचं, कोणी विचारायचं, या वयात काय आता नवी नवरी व्हायचं आहे का. मला राग यायचा, पण माझा राग घरी आल्यावर भांड्यांवर निघायचा, डेअरीवर माझं तोंड उघडत नसे. माझ्या जेठांना, म्हणजे जिजीच्या नवऱ्याला, कोणीतरी चावडीवर काही बोललं. ते घरी येऊन म्हणाले, "चालनं शे तर गच्चीवर चाल. लोके काय म्हनतीन?" जिजी गच्चीवर चालायला लागली, तर शेजारच्या दोन गच्च्यांवर वाळवण नसताना बायका दिसू लागल्या.

मला तेव्हाच एक गोष्ट कळली. आमच्याकडे बाई दिवसभर चालते. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालते, शेतात डबा घेऊन चालते, कपाशीचं गाठोडं घेऊन चालते. कोणी वळून बघत नाही. पण तीच बाई रिकाम्या हातांनी, स्वतःच्या अंगासाठी चालली की गावाला तिचं अंग दिसायला लागतं. त्याआधी ते कोणाला दिसलेलंच नसतं.

जिजीने बूट खोक्यात ठेवले. महिनाभराने तपासलं तर साखर आणखी चढलेली.

श्रावण आला. पहिल्या सोमवारी आम्ही दोघी प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला निघालो. जिजी म्हणाली, बूट पिशवीत घेऊ, मोरीच्या पुढे घालीन, तिथे कोणी नसतं. तसंच केलं. परत येताना मोरीपाशी बूट काढून पुन्हा पिशवीत, वर बेलाची पानं. गावात शिरताना अनवाणी, चिखलाचे पाय, हातात पिशवी. शेजारीण ओट्यावर होतीच. तिने जिजीला वरून खालपर्यंत पाहिलं, आणि या वेळी तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"नवस शे का वं?"

जिजी गोंधळली. ती खोटं बोलत नसे, तिला जमतच नसे. मी बोलले.

"हाव, नवस शे. रोज पायी जावाना."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मला माझंच कौतुक वाटलं. शेजारणीने ओट्यावरून खाली उतरून जिजीच्या पायांना हात लावला. दीड-दोन महिन्यांपूर्वी त्याच पायांकडे बघून ती काय म्हणाली होती, हे तिला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मनातल्या मनात मी म्हटलं, घ्या, आता बोला.

दुसऱ्या दिवशी डेअरीवरचे पुरुष गप्प. एकाने कॅन बाजूला सरकवून वाट करून दिली. ट्रॅक्टर म्हणून ओरडणारा माणूस हात जोडून म्हणाला, "भाभी, मन्हा नावना बी एक नारय फोडज्या." बायका जिजीजवळ फुलं द्यायला लागल्या, उदबत्तीचे पुडे द्यायला लागल्या. जिजी बारीक होऊ लागली. बुटांच्या दिवसांत ती बारीक झाली असती तर "सुकाई गयी, घरमा खावाले भेटत नही का?" असं नक्की ऐकावं लागलं असतं. आता सगळ्या म्हणत होत्या, "चेहरावर कसं तेज उनं शे, दख." साखर उतरली. जिजी रस्त्याने चालताना गुणगुणायची. तिला मी इतकं मोकळं कधीच पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी मोरीवर बसून गावावर हसायचो.

नवस कशाचा, हे मात्र गावानेच ठरवून टाकलं. सुरतेच्या लेकीला मूल होत नाही, त्याचा. हे कोणाच्या तरी फोनवरून लेकीपर्यंत पोचलं. तिने आईला फोन करून एवढंच विचारलं, "मी तुले बूट धाडात, आनि तू मन्हा नावना नवस करस?" माझ्याकडे बघत जिजीने फोन ठेवून दिला. लेक पुढे कितीतरी दिवस बोलली नाही.

तरी आम्ही चालत राहिलो. पण नवसाची बाई एकटी चालत नसते. तिच्या सोबतीने चाललं तर पुण्य लागतं, म्हणून आधी शेजारीण यायला लागली, मग तिची थोरली सून. नवसाची वाट अनवाणीच चालतात; आता त्यांच्यासमोर मोरीच्या पुढे पिशवीतून बूट कसे काढणार? चार दिवस ते पिशवीतच गेले आणि तसेच परत आले. पाचव्या दिवशी जिजीने ते घरीच ठेवले.

मी तिला म्हटलं, "डॉक्टरने काय सांगितलंय, ध्यानात आहे ना?" ती म्हणाली, "श्रावण शे तोवर." मी फुलांची पिशवी उचलली. श्रावण संपला तेव्हा शेजारणीने विचारलं, कितला दिनना नवस शे? जिजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "सव्वा वरीसना." पहिल्यांदाच ती इतकं सफाईने खोटं बोलली. मला कळलं की नवस फिटला की तिचं चालणं बंद होणार, आणि ते तिला नको आहे. गावासमोर मान वर करून चालायला मिळत होतं, ते तिला सोडवत नव्हतं.

पाऊस गेला, थंडी गेली. ऊसतोड झाली, रस्त्यावर पाचट आणि काटे. रोज संध्याकाळी तिचे पाय बघायचे, हे आधी मी करत होते. मग एक दिवसाआड. मग कपाशीची गडबड लागली आणि राहूनच गेलं. असं सरळ लिहिलं की किती साधं वाटतं.

होळीचा दिवस होता. घरातली मंडळी काठी गावची होळी बघायला डोंगरात गेली होती. घरात आम्ही दोघीच. मी फरशी पुसत होते आणि जिजी देवघरातून स्वयंपाकघरात आली. पुसलेल्या फरशीवर तिच्या उजव्या पावलामागे दर वेळी एक ओलसर डाग उमटत होता. मी तिला खाली बसवलं आणि पाय उलटा केला. करंगळीच्या खाली बाभळीचा काटा आत मोडलेला, त्याच्या भोवती काळं झालेलं, आणि वास. "माले काय दुखत नही," जिजी म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही.

आधी दोन बोटं गेली. तेवढ्यावर थांबलं नाही. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि अर्धं पाऊल गेलं. शहाद्याच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी पट्टी सोडताना विचारलं होतं, "बूट घालत नव्हत्या का?" जेठ जिजीकडे बघत होते, जिजी भिंतीकडे बघत होती. मी फाइल हातात धरून उभी होते.

आता जिजी ओट्यावर खाट टाकून बसते. चालणं नाही, साखरेचं इंजेक्शन रोजचं, आणि अंग पुन्हा पहिल्यापेक्षा जास्त भरलं आहे. भेटायला येणाऱ्या बायका खाटेच्या कडेला टेकतात, हळहळतात आणि उठताना म्हणतात, "जाडी व्हई गयी वं जिजी. जराखं चालत-फिरत ऱ्हाय." मला वाटतं त्यांना एकेकीला ओट्यावरून ढकलून द्यावं. जिजी नुसती "हाव" म्हणते. गावात आणखी एक बोललं जातं, नवस अर्धा राहिला म्हणून पाय गेला. ते ऐकून मी एकदा ठरवलं की शेजारणीसमोर सगळं खरं सांगून टाकायचं. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तिच्यासमोर ठेवला आणि परत आत गेले.

गेल्या महिन्यात माझी साखर तपासली. काठावर आहे, म्हणाले, आत्तापासून चाला. मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं, पण जिजीला माझ्या तोंडावरून कळलं. तिने मला फळीवरचं खोकं काढायला लावलं. बूट जवळजवळ नवेच होते, एका बाजूला थोडी माती. "मन्हा पायमा आते बसत नहीत," ती म्हणाली. "तू ली जाय. तुले बसतीन." तिच्या बोलण्यात दोष देणं अजिबात नव्हतं. मला ते असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घातले. अगदी मापाचे झाले. रात्री मनाशी पक्कं केलं होतं की कोणी काही विचारलं तर तोंडावर सांगायचं, साखर आहे, म्हणून चालते आहे, आणि हसायचं असेल तर हसा. ओट्यावर जिजी जागी होऊन बसली होती. मी तिच्या खाटेजवळून पायरी उतरले. समोर शेजारीण सडा टाकत होती. तिची नजर माझ्या पायांवर आली आणि तिथेच थांबली.

"काय वं, आते तू बी?"

तिच्या मागे दारात दोन्ही सुना येऊन उभ्या राहिल्या. मी तोंड उघडलं.

"जिजीना नवस ऱ्हायना शे ना," मी म्हटलं. "तो पुरा कराना शे."

शेजारणीने लगेच हात जोडले. मी पायरीवर खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि दोन्ही बूट उचलून जिजीच्या खाटेखाली ठेवले. तेवढ्यासाठी मला तिच्यासमोर वाकावं लागलं. तिने लुगड्याचा काठ आपल्या पायावर ओढून घेतला होता.

"दखीसन चाल, बहीन," ती म्हणाली. "रस्तावर काटा शेतस."

मी हो म्हटलं आणि अनवाणी निघाले.