फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर दिसणारा फोटो

वाचनकट्ट्यातल्या मंडळींनो, आपली वेबसाइट आमच्या यांनी सुरू केली होती. हे गेल्यावर पहिल्या पानावर मी यांचा फोटो लावला. तेव्हापासून वेबसाइट मीच सांभाळते.

आज सकाळी श्रीरामपूरहून धाकट्या नणंदेचा फोन आला. तिने नुकताच आयफोन घेतलाय. "काय वहिनी, आमच्या दादाला काढून टाकलं व्हय? नुसती पांढरी चौकट दिसती."

माझ्यासमोर तर हे नेहमीसारखे हसत होते. तिच्या फोनमधला ब्राउझर माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. म्हणून मी इथे राजूरला फोटो बदलून चढवायचा आणि तिने तिथे बघायचं, असं सुरू झालं.

"आता?"

"न्हाई."

"आता तरी?"

"न्हाई वो, वहिनी."

शेवटी फोटो दुसऱ्या प्रकारात सेव्ह करून चढवला. मग ती रडतच म्हणाली, "आला. दादा आला."

मला रोज दिसतात म्हणजे सगळ्यांनाच दिसत असतील, असं मी धरून चालले होते.

तुमच्यापैकी कुणाला ती रिकामी चौकट दिसली होती का? मग बोलला का नाहीत? यांचं नाव काढलं तर मी रडेन म्हणून?

रडेन. तरी सांगत जा.