परत पाठवलेली दोन पाकिटं

धुळ्याच्या आमच्या गल्लीत मला नोटिशीतलं कळतं असा एक समज होता, आणि तो मीच पसरवला होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा, पाटबंधारे खात्यात कारकून. दिवसभर आवक-जावक नोंदवायचो आणि तेवढ्यावर स्वतःला अर्धा वकील समजायचो. माझा सल्ला एकच असायचा : अनोळखी कंपनीचं रजिस्टर पत्र आलं की सही करायची नाही. सही नाही म्हणजे पत्र पोचलंच नाही. पोस्टमन पाकिटावर ‘घेण्यास नकार’ लिहून ते परत नेतो आणि प्रश्न मिटतो.

शेजारच्या अक्कांना हा सल्ला एकदा लागूही पडला होता. त्यांचे यजमान तेलाच्या गिरणीत होते. एका मित्राने हप्त्यावर टीव्ही घेतला, त्याला यांनी जामीन म्हणून सही दिली आणि वर्षभरात, नोकरीत असतानाच, ते वारले. मग टीव्हीवाल्यांच्या नोटिसा येऊ लागल्या. त्या मी परत पाठवायला लावल्या. पुढे त्या थांबल्या. मित्राने हप्ते भरले म्हणून थांबल्या, हे मला बाजारात कळलं होतं. गल्लीत मात्र मी ते कुणाला सांगितलं नाही. अक्कांनी लोणच्याची बरणी आणून दिली, तीही मी निमूट ठेवून घेतली.

चारेक महिन्यांनी अक्कांच्या नावाने आणखी एक रजिस्टर पाकीट आलं. कोपऱ्यात इंग्रजीत छापलेलं कंपनीचं नाव कुणीच ऐकलं नव्हतं. अक्का तेव्हा रोजाने पापड लाटायला जायच्या, दोन मुली शाळेत होत्या. पिठाचे हात पदराला पुसत त्या माझ्या दाराशी आल्या.

“भाऊ, हाई काय शे आते? यासनी आखो कोठे सही करी ठेयेल शे का?”

“केली असेल कुठंतरी. घेऊ नका.”

पाकीट परत गेलं. पंधरा दिवसांनी तसंच पाकीट पुन्हा आलं. या वेळी पोस्टमन थांबला. म्हणाला, “भाऊ, वसुलीवाले इतकं जाड पत्र लिहीत नाहीत. बाईंना फोडून तर बघू द्या.”

शंका मलाही आली होती. पण समोरच्या ओट्यावर गल्लीतले वडीलधारे आबा बसले होते, त्यांच्याजवळ आणखी चार जण. त्यांच्यादेखत पोस्टमनचं ऐकायचं? मी म्हणालो, “तुम्ही टपाल वाटा. कायदा आम्ही बघतो.”

“बरोबर सांगं!” आबा ओट्यावरून म्हणाले. “पोस्टमनले काय, त्याले फक्त सही पाह्यजे.”

सगळे हसले. पोस्टमनने पाकिटावर लिहिलं आणि सायकल वळवली. माझा गुन्हा एवढाच, पण तो अजाणता घडलेला नाही.

महिनाभराने गिरणीतले यजमानांचे एक जुने सोबती पेढे घेऊन अक्कांकडे आले. मी तिथेच होतो. गिरणी नव्या मालकाने घेतली होती, त्याचं ऑफिस जळगावला होतं. नोकरीत वारलेल्या कामगारांच्या घरातल्या एकेकाला तो गिरणीच्या पॅकिंग खात्यात घेत होता. या सोबत्यांचा भाऊही तसाच वारला होता, त्याच्या बायकोला काम लागलं होतं.

“वहिनी, तुम्हाला कसं पत्र नाही आलं?” ते म्हणाले. “महिन्याची मुदत होती.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पेढा हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. कायमचं काम, दरमहा पगार, आणि ते माझ्या तोंडच्या वाफेपायी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अक्का आणि मी पहिल्या एसटीने जळगाव गाठलं. यजमानांचा मृत्यूचा दाखला अक्कांनी रुमालात बांधून घेतला होता.

ऑफिसातल्या साहेबांनी फाइल काढली. त्यात आमची दोन्ही पाकिटं न फोडता लावलेली होती.

“दोनदा पाठवलं, दोनदा नाकारलं. का?”

“पत्र पोचू नये म्हणून,” मी म्हणालो.

“नाकारलेलं रजिस्टर पत्र पोचलं असंच धरतात. हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

म्हणजे इतकी वर्षं मी गल्लीला जे सांगत आलो, ते सगळंच चूक होतं. “साहेब, यांचा दोष नाही. मी…”

“मीच सांगं पोस्टमनले,” अक्का मधेच ठामपणे म्हणाल्या. “यासना काय संबंध? यासले सोबतले आणेल शे.”

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सगळं ओळखलं असावं. मग म्हणाले, “मुदत संपून दोन आठवडे झालेत. पण पॅकिंगच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत, म्हणून तुमचं नशीब.” त्यांनी एक पाकीट फोडलं, आतल्या पत्रावरची तारीख खोडून नवी घातली, खाली सही केली आणि ते अक्कांपुढे धरलं. “आता तरी घ्या.”

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी पाळधी ओलांडून गेल्यावर मी धीर केला. “अक्का, दुसऱ्या वेळेला मला शंका आली होती. पोस्टमनने सांगितलं होतं, तरी मी चारचौघांत…”

त्यांनी पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. “आधी वाचा. मंग रडज्यात.”

मी वाचलं. कामाची वेळ, पगार, सोबत आणायचे कागद. त्या म्हणाल्या, पुन्हा. एरंडोल येईपर्यंत मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्या खेपेला पुढच्या सीटवरचे एक आजोबा मागे वळले.

“बाई, कामावर कधी जायचं म्हणे?”

“सोमवारले,” अक्कांनी माझ्याआधी सांगून टाकलं.