आजोबांच्या गावी, आजोबांच्या माघारी

एलिचपूरहून मूर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी बैलगाडीच्याच बेताने चालते. खिडकीशी बसून मी आजीचा निरोप मनात घोळवत होते. निघताना ती म्हणाली होती, "भासऱ्यायले (थोरल्या दिरांना) म्हन, ते गेले. आता तरी या. स्मरणाच्या प्रार्थनेले माह्या बाजूले त्यायच्या घरचं कोनी बसू द्या."

आजोबा जाऊन महिना होत आला होता. त्यांचे जन्मगाव वडनेर भोलजी मी कधी पाहिले नव्हते. वडिलांना तान्हेपणी तिथून आणले, ते पुन्हा गेले नाहीत. आता तेही नाहीत. माझी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत नोकरी. सुटीत एलिचपूरला आजोबांकडे जायचे, त्यांच्या सुतारकामाच्या ओट्यावर बसून गोष्टी ऐकायच्या, रविवारी त्यांच्यामागून मिशनच्या देवळात जायचे, एवढेच माझे त्यांच्यासोबतचे जग. गावचा विषय निघाला की ते रंधा जोराने चालवू लागत.

मूर्तिजापूरला गाडी बदलली. अकोला गेले. शेगावला डबा निम्मा रिकामा झाला. दर्शनाला उतरणाऱ्या एका बाईने माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले आणि नाव न विचारताच गर्दीत दिसेनाशी झाली. नांदुऱ्याला उतरले तेव्हा ऊन चढले होते. स्टेशनाबाहेर सरकीचा वास भरून राहिला होता. वडनेरकडे निघालेल्या एका दमणीवाल्याने (दोन बैलांच्या हलक्या गाडीवाल्याने) मला बसवून घेतले.

दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन, पांढरे फुटलेले कापसाचे शेत, बांधावर बाभळी. दक्षिणेला डोंगरांची पुसट निळी रेघ. गाव जवळ आले आणि दमणीच्या चाकाची खीळ निसटली. गाडीवान ती शोधत मागे गेला. मी चालू लागले. कापूस वेचून परतणारी एक वयस्कर बाई सोबतीला आली. तिच्या ओटीत कापूस गच्च भरला होता.

"कोनाकडे जाऊन राह्यली वं बाई?"

"सोनाजीबुवांकडे. त्यांच्या धाकट्या भावाची नात मी."

ती थांबलीच. "मारोतीची? अवं, मी त्याच्या बायकोच्या वयाची. तिच्या अंगावर चट्टे निघाले, महारोग म्हने. सोनाजीबुवा बोलले, सोडून दे हिले, दुसरी करून देतो. मारोतीनं बायकोले अन् लेकराले गाडीत घातलं अन् गेला. मंग आयकलं का किरिस्ताव झाला." थोडे चालून ती म्हणाली, "लोकं हासले त्याले. मी घरी जाऊन रडली. माह्या नवऱ्यानं मले उचलून नेलं नसतं."

सोनाजीबुवांचे घर तिने दुरून दाखवले. ओसरीवर खाटेवर ते बसले होते. कपाळ, नाक अगदी आजोबांचे. मी नाते सांगितले. सून पाणी घेऊन आली, पायरीशी थांबली आणि माझ्या ओंजळीत वरून धार धरली. मी प्याले.

"मारोती काऊन नाही आला?" त्यांनी विचारले.

"आजोबा गेले. मागच्या महिन्यात."

त्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "बायको तं आधीच गेली असंन त्याची."

"नाही. आजी आहे. तिनेच पाठवलंय मला."

"जित्ती हाये?"

"चट्टे कधीच बरे झाले. बोटं गेली, पण चालते-फिरते."

म्हातारा माझ्याकडे पाहतच राहिला. "मी त्याले म्हनलं होतं, दोन पावसाळे नाही काढनार हे. कायले जिनगानी नासवतं?" त्यांनी सुनेला हाक मारली. स्वतःचा लोटा भरून आणवला आणि माझ्या हातात दिला. सून दाराआड झाली.

ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आम्ही दोघे ओसरीवरच जेवलो. जेवता जेवता ते सांगत गेले. "माय बिमार हाये हे कोनाकून तरी त्याले समजलं होतं. पोचला तवा आमी तिरडी उचलत होतो. मी म्हनलं, हात नको लावू. तो मांगं मांगं मसनात आला, दूर बाभळीखाली उभा राह्यला. म्या ठरवलं होतं, दहावं झालं का बोलावतो. मंग म्हनलं पेरनी झाली का. मंग पोरीचं लगन झालं का." भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच होता.

सकाळी ते धुतलेले धोतर नेसून दमणीत बसले. मुलगा आडवा आला, "जातवाले काय म्हनतीन, बाबा?" त्यांनी गाडी हाकायला सांगितली. नांदुऱ्याच्या फलाटावर माझ्या बाकावर ते गाठोडे धरून बसले. मला वाटले, आजीचे काम झाले.

गाडीचा धूर दिसू लागला तेव्हा त्यांनी विचारले, "माहं नाव काढे का तो कधी?"

मी खरे ते सांगितले. रोज दिवेलागणीला आजोबा गुडघे टेकून प्रार्थना करीत, आणि घरच्यांआधी नाव घेत ते सोनाजीदादाचे. दादाला सुखी ठेव, म्हणत.

ते उठले. गाठोडे काखेत मारले. "मंग मी नाही येत, पोरी. त्यानं शिव्या देल्ल्या असत्या तं आलो असतो."

मी विनवले, हात धरला. गाडी सुटली तेव्हा ते फलाटावर गाडीकडे पाठ करून उभे होते. माझ्या खऱ्या उत्तराने त्यांना तिथेच थांबवले, हे वाटभर टोचत राहिले. खोटे बोलायला हवे होते का, ते मला आजही ठरवता आलेले नाही.

आजी दारातच बसली होती. मी एकटी आलेली पाहून तिने मान हलवली. "घर कसं हाये? लोकं कशे हायेत?" विचारत राहिली. मी सगळे सांगितले. तिच्या सासूच्या मयतीचेही सांगितले, बाभळीचेही.

तिचा चेहरा बदलला. "ते गेले होते? मले नाही सांगतलं."

"तुला माहीत नव्हतं, आजी?"

"मले म्हने, अकोल्याले सागाच्या फळ्या आनाले जातो. दोन दिवसांनं रिकाम्या हातानं आले. मी लय बोलली त्यायले. म्हनलं, कुठं वेळ काढला? चार दिवस मी धड बोलली नाही." तिने आपले बोटांविना उरलेले हात मांडीवर उलटे ठेवले. "अन् ते रोज सकाळी येत, मांगं बसत, अन् माही येनी घालत. एक शबद बोलले नाही."

बायकोपायी आईच्या तिरडीला हात लावू दिला नाही, हे त्या बायकोला कधी कळू नये म्हणून आजोबांनी जन्मभर जे पोटात ठेवले, ते मी वडनेरहून उचलून आणून तिच्या पदरात टाकले होते. प्रवासाहून आलेल्या माणसाने सगळेच सांगायचे नसते, हे मला तिथे उशिरा कळले.

प्रार्थनेच्या दिवशी आजीच्या शेजारची जागा मोकळी राहिली. आजीने कोणालाच तिथे बसू दिले नाही, मलाही नाही.